कंजूष, पण शब्दाची पक्की: रस्टची स्टँडर्ड लायब्ररी

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल मत विचारलं की लोक बॉरो चेकरवर (मेमरीची मालकी तपासणाऱ्या कंपाइलरच्या भागावर) बोलायला लागतात. त्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालणार नाही. सुरुवातीला तो जीव नकोसा करतो, मग सवय होते, आणि पुढे कधीतरी लक्षात येतं की ज्या चुका आपण डीबगर लावून शोधत बसायचो त्या आता कंपाइलच होत नाहीत. तो विषय इथेच संपला. मला लिहायचंय ते स्टँडर्ड लायब्ररीबद्दल, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडबद्दल. भाषेचे नियम एकदा शिकले की अंगवळणी पडतात. फाइल उघडणं, ओळ वाचणं, मोजणी ठेवणं, थ्रेड (समांतर चालणारं काम) सोडणं मात्र रोजचंच, आणि तिथे गाठ पडते ती लायब्ररीशी.

आधी माझं काम सांगते, म्हणजे हे मत कुठून आलंय ते कळेल. सर्व्हरवर कायम चालू राहणारा एक एजंट मी सांभाळते. वाढत जाणाऱ्या लॉग फायली वाचायच्या, ओळींतले हवे ते भाग काढायचे, मोजायचे, गठ्ठे करून पुढे पाठवायचे. त्याने सीपीयू खाऊ नये, मेमरी फुगवू नये आणि मध्येच मरू नये, एवढीच अपेक्षा. पूर्वी तो सी प्लस प्लसमध्ये होता, आता रस्टमध्ये आहे. गेम किंवा वेब सर्व्हर लिहिणाऱ्याला हीच लायब्ररी वेगळी दिसेल.

ही लायब्ररी लहान आहे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. तिचे तीन थर आहेत. सगळ्यात खाली 'कोअर': ना हीप (चालू असताना मागून घ्यायची मेमरी), ना ऑपरेटिंग सिस्टिम, नुसते मूळ प्रकार आणि त्यांच्या क्रिया. त्यावर 'अलॉक', ज्यात व्हेक (वाढत जाणारी यादी), स्ट्रिंग (मजकूर), बॉक्स (हीपवर ठेवलेली वस्तू) येतात. आणि सगळ्यात वर 'एसटीडी': फायली, नेटवर्क, थ्रेड, घड्याळ. लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये, रस्ट शिरलं ते या विभागणीमुळेच शक्य झालं. कर्नलमध्ये 'एसटीडी' चालणारच नाही, पण 'कोअर' जसंच्या तसं चालतं. माझ्या कामात मी सरळ वरचा थर वापरते. तरी पार्सर मी 'कोअर'पुरता मर्यादित ठेवला आहे, आणि तो कुठेही उचलून नेता येतो याचा मला फायदा झालाय.

ही लायब्ररी अशी का आहे ते १५ मे २०१५ या तारखेत आहे. त्या दिवशी रस्टची १.० आवृत्ती आली आणि रस्टवाल्यांनी शब्द दिला: स्थिर म्हणून जाहीर झालेलं आम्ही मोडणार नाही. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि जुना कोड नव्या कंपाइलरवर चालत राहतो. हा शब्द त्यांनी जवळजवळ पाळलाय ('जवळजवळ' का, ते पुढे येईलच). पण एकदा आत आलेली गोष्ट बाहेर काढता येत नाही म्हटल्यावर आत घेतानाच हात आखडता राहतो. लायब्ररीतल्या चांगल्या-वाईट जवळपास प्रत्येक गोष्टीचं मूळ मला इथे सापडतं.

फायलींपासून सुरू करते, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात जातं. फाइल उघडून थेट वाचायला लागलात तर प्रत्येक वाचनामागे एक सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी) जातो. बफर नसतो. सी-च्या 'एफओपन'ची सवय असणाऱ्याला हे आधी कळतच नाही, कारण तिथे बफर न मागता मिळतो. इथे फाइल 'बफरीडर'मध्ये गुंडाळायची, मग ८ किलोबाइटचा बफर मिळतो. मला हे आवडतं. माझ्या एजंटमध्ये एका ठिकाणी मी स्वतःच मोठे तुकडे वाचते, तिथे मध्ये दुसरा बफर नको असतो, आणि तो नाहीच हे कोड वाचून दिसतं.

आउटपुटच्या बाजूला मात्र हेच लोक उलटे वागले आहेत. 'प्रिंटएलएन' ज्या स्टँडर्ड आउटपुटवर लिहितो तो दर ओळीला बफर रिकामा करतो, समोर टर्मिनल असो की फाइल. सी-ची लायब्ररी आउटपुट फाइलकडे वळलंय हे ओळखून पूर्ण बफरिंग करते, रस्ट करत नाही. शिवाय प्रत्येक 'प्रिंटएलएन' आपापलं कुलूप लावतो आणि काढतो. लाखो ओळी छापणारं साधन लिहून 'रस्ट तर पायथॉनपेक्षा हळू निघालं' म्हणणारे नवखे मी पाहिलेत. त्यांना मी दोन प्रश्न विचारते: रिलीझ बिल्ड केलंस का, आणि आउटपुट 'बफरायटर'मध्ये गुंडाळलंस का? बऱ्याचदा तिसरा प्रश्न लागत नाही. कुलूप एकदाच घ्यायचं, त्यावर बफर चढवायचा, मग वेग येतो. पण हे माहीत असावं लागतं, आणि मुळातली वागणूक आता बदलायला कुणी सहज धजावत नाही, कारण ओळीगणिक आउटपुट येतं हे धरून चालणारे प्रोग्रॅम दहा वर्षांत साठले आहेत.

आणखी एक गोष्ट, जी दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली असूनही लोक वाचत नाहीत. 'बफरायटर'चं आयुष्य संपताना तो उरलेला मजकूर लिहून टाकतो, पण त्या वेळी चूक झाली तर ती गिळतो. डिस्क भरलेली असेल, शेवटचा गठ्ठा गेलाच नसेल, तरी प्रोग्रॅम हसतमुखाने संपतो. ड्रॉपमधून (वस्तू नष्ट होताना चालणाऱ्या कोडमधून) चूक परत द्यायला भाषेत जागाच नाही. म्हणून शेवटी स्वतः 'फ्लश' करायचं आणि त्याचं उत्तर तपासायचं, आणि डेटा खरोखर डिस्कवर हवा असेल तर 'सिंक ऑल'. चुकांच्या बाबतीत एवढी काटेकोर भाषा इथे गप्प बसते, हे मला आजही खटकतं.

आता स्ट्रिंग. इंग्रजीत काम करणाऱ्यांना रस्टची स्ट्रिंग उगाच अवघड वाटते. देवनागरीत काम करणाऱ्याला ती प्रामाणिक वाटेल. स्ट्रिंग म्हणजे वैध यूटीएफ-८ बाइट्स, बाकी काही नाही. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा, उत्तर १५ येतं, कारण देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला (युनिकोडमधल्या एका चिन्हाला) ३ बाइट्स लागतात. 'चार्स' मोजा, ५ येतात: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण वाचताना मोजतो ती अक्षरं तीन. पहिले दोन आकडे लायब्ररी देते, तिसरा देत नाही, त्यासाठी 'युनिकोड सेगमेंटेशन' नावाचं क्रेट (बाहेरून जोडायचं पॅकेज) घ्यावं लागतं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. अक्षर मोजता येत नाही ती कसली लायब्ररी! पण अक्षर कुठे तुटतं याचे नियम युनिकोडवाले बदलत असतात. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नवा नियम आला. त्याआधी 'स्ते'चे दोन तुकडे व्हायचे, आता तो एकच धरला जातो. असल्या गोष्टीवर कायमचा शब्द देणं शहाणपणाचं नव्हतंच. ती बाहेरच्या क्रेटमध्ये आहे तेच बरं.

मात्र एका सापळ्याबद्दल सावध करते. लॉगची ओळ पहिल्या २०० बाइट्सवर कापायची म्हणून सरळ रेंज लावली आणि २०० वा बाइट एखाद्या अक्षराच्या मध्ये पडला, तर प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे चूक मानून तिथेच थांबतो. इंग्रजी लॉगवर सगळ्या चाचण्या पास होतील. ज्या दिवशी कुणी मराठीत नाव भरेल त्या दिवशी एजंट आडवा होईल. कापण्याआधी 'इज चार बाउंडरी' विचारायचं, किंवा 'गेट' वापरून ऑप्शन ('आहे' किंवा 'नाही' असं उत्तर) घ्यायचा. रुंदीचंही तसंच: फॉरमॅटमध्ये दहा घरांची जागा मागितली तर लायब्ररी 'चार्स' मोजून रिकाम्या जागा भरते, त्यामुळे मराठी नावांचे रकाने वाकडेतिकडे दिसतात.

शिवाय लॉग कायम वैध यूटीएफ-८ असतो असं कुणी सांगितलं? 'लाइन्स' वापरलंत तर एका खराब बाइटवर चूक येते, आणि प्रत्येक ओळीला नवी स्ट्रिंग तयार होते ती वेगळीच. माझ्या एजंटमध्ये 'लाइन्स' कुठेच नाही. 'रीड अंटिल'ला नवी-ओळ हा बाइट द्यायचा, एकच व्हेक पुन्हा पुन्हा रिकामा करून वापरायचा, आणि माणसाला दाखवायची वेळ आली तरच 'फ्रॉम यूटीएफ-८ लॉसी'. एवढ्या एका बदलाने मेमरीची सगळी चढउतार थांबली. लायब्ररीत दोन्ही वाटा आहेत, फक्त उदाहरणांमध्ये सोपीच पुढे केलेली असते.

चुका हाताळण्यात रस्टला तोड नाही. रिझल्ट ('जमलं' किंवा 'चूक' असं उत्तर) आणि ऑप्शनवरच्या 'मॅप', 'अँड देन', 'ओके ऑर' या क्रिया इतक्या विचारपूर्वक बसवल्यात की सी प्लस प्लसकडे परत गेल्यावर हात बांधल्यासारखे वाटतात. पण इथे जुने व्रणही दिसतात. चूक आपोआप वर पाठवणारं प्रश्नचिन्ह १.१३ मध्ये, २०१६ साली आलं. त्याआधी 'ट्राय' नावाचा मॅक्रो होता, तो नापसंतीचा शिक्का घेऊन अजून लायब्ररीत पडून आहे. 'एरर' ट्रेटमध्ये (प्रकारांनी पाळायच्या करारात) 'डिस्क्रिप्शन' आहे, वापरू नका म्हणून सांगितलेलं. 'कॉज' आहे, त्याच्या जागी 'सोर्स' आलं. तेही तिथेच. काढता येत नाही ना! दस्तऐवज चाळताना अशा निवृत्त मंडळींना ओलांडून जावं लागतं.

हॅशमॅपवर (नावावरून किंमत शोधून देणाऱ्या रचनेवर) माझं मत थोडं मिसळलेलं आहे. १.३६ पासून, म्हणजे २०१९ च्या मध्यापासून, आतली रचना गूगलच्या स्विस टेबलवर बेतलेल्या 'हॅशब्राउन'ची आहे, आणि ती उत्तम आहे. बाहेरचं एपीआय न हलवता आतलं इंजिन बदललं आणि कुणाचा कोड मोडला नाही. यालाच मी चांगली लायब्ररी म्हणते. हॅश मात्र मुळात सिपहॅश १-३, यादृच्छिक किल्ल्यांसह. कुणी मुद्दाम एकाच जागी आदळणाऱ्या 'की' (ज्यांवरून मॅपमध्ये शोधायचं ती नावं) पाठवून तुमचा सर्व्हर लोळवू नये म्हणून. बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी ते योग्यच. छोट्या पूर्णांकांच्या 'की' असतील तर मात्र तो वेग खातो. खुद्द रस्टचा कंपाइलर स्वतःसाठी दुसराच हलका हॅश वापरतो. बदलणं एका ओळीचं काम आहे, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार 'एंट्री'बद्दल आहे. ही पद्धत देखणी आहे, पण ती मालकीची 'की' मागते. म्हणजे 'की' आधीच मॅपमध्ये असली तरी विचारण्यासाठी नवी स्ट्रिंग बनवायची. एकाच आयपी पत्त्याची हजारदा मोजणी करताना हे परवडत नाही, म्हणून मी आधी 'गेट म्यूट' आणि नसेल तरच 'इन्सर्ट' असा कुरूप कोड लिहिते. हॅशब्राउन क्रेटमध्ये याला 'एंट्री रेफ' आहे, लायब्ररीत नाही.

थ्रेड्सच्या बाबतीत लायब्ररीचा स्वभाव सगळ्यात स्वच्छ दिसतो. १.० च्या अगदी तोंडावर, 'स्कोप्ड' नावाची सोय काढून टाकावी लागली होती. चालू फंक्शनमधला डेटा उसना घेऊन थ्रेड सोडायचा आणि हातातला गार्ड नष्ट होताना थ्रेड संपायची वाट बघायची, अशी ती योजना. पण रेफरन्स मोजणाऱ्या 'आरसी'चं चक्र बनवून एखादी वस्तू कधीच नष्ट न होऊ देणं सुरक्षित कोडमध्येही शक्य होतं. मग वाट बघणारा गार्ड चालणारच नाही आणि थ्रेड मेलेल्या मेमरीवर हात टाकणार. सोय गेली. ती परत आली १.६३ मध्ये, ऑगस्ट २०२२ ला, क्लोजर (फंक्शनसारखा कोडचा तुकडा) घेणाऱ्या नव्या रूपात, जिथे बाहेर पडण्याआधी वाट बघणं टाळताच येत नाही. मधली सात वर्षं लोकांनी 'क्रॉसबीम' क्रेटवर काढली. सात वर्षं फार होतात, हे खरंच. पण आजचं रूप मी रोज वापरते आणि त्यात बोट ठेवायला जागा नाही.

म्युटेक्स, म्हणजे थ्रेड्समधलं कुलूप, डेटाला पोटात घेऊन बसतो, कुलूप उघडल्याशिवाय डेटा दिसतच नाही. सी प्लस प्लसमध्ये 'हे चल या कुलपाखाली आहे' अशी टिप्पणी लिहून देवावर भरवसा ठेवायचो, त्याच्या तुलनेत हे स्वर्ग आहे. १.६२ मध्ये लिनक्सवर सगळी कुलपं थेट फ्यूटेक्सवर (लिनक्सच्या स्वतःच्या मूळ सोयीवर) नेली आणि म्युटेक्सची अंतर्गत स्थिती ४० बाइट्सवरून ५ बाइट्सवर आली. पुन्हा, माझा कोड एक अक्षरही न बदलता. फक्त 'पॉइझनिंग' हा प्रकार मला पटत नाही: कुलूप हातात असताना एखादा थ्रेड पॅनिक झाला तर ते कुलूप 'विषारी' होतं आणि पुढच्याला चूक मिळते. कल्पना सभ्य आहे. व्यवहारात सगळे डोळे मिटून 'अनरॅप' लिहितात आणि मी पण लिहिते.

थ्रेडकडून थ्रेडकडे निरोप नेणाऱ्या चॅनलची गोष्ट थोडक्यात: 'एमपीएससी'मध्ये (पाठवणारे अनेक, घेणारा एक) वेळमर्यादा लावून वाट बघताना पॅनिक होण्याचा एक बग वर्षानुवर्षं होता. १.६७ मध्ये, जानेवारी २०२३ ला, आतला सगळा कोड काढून त्या जागी क्रॉसबीमचा बसवला. बग गेला. नाव तेच राहिलं, घेणारा एकच ही मर्यादाही राहिली.

या लायब्ररीत नवी गोष्ट शिरते कशी, हे एका किरकोळ दस्तऐवज-दुरुस्तीच्या निमित्ताने मी जवळून पाहिलं. आधी प्रस्ताव, मग नाइटलीमध्ये (रोज निघणाऱ्या प्रायोगिक कंपाइलरमध्ये) झेंड्यामागे लपवलेली आवृत्ती, मग वापरून पाहणाऱ्यांची मतं, मग टीमच्या सदस्यांच्या खुणा, मग १० दिवसांचा शेवटचा आक्षेप-काळ. सोर्समध्ये प्रत्येक सार्वजनिक फंक्शनच्या डोक्यावर ते स्थिर आहे की अस्थिर, आणि स्थिर असेल तर कोणत्या आवृत्तीपासून, हे लिहावंच लागतं. नावावरून वाद होतात, आणि झालेच पाहिजेत, कारण ते नाव कायमचं. बदल धोक्याचा वाटला तर 'क्रेटर' चालवतात: सार्वजनिक क्रेट्स जुन्या आणि नव्या कंपाइलरने बांधून काय मोडतंय ते बघायचं. दुसऱ्या कुठल्या भाषेत मी एवढी काळजी पाहिलेली नाही.

तरीही १.८० आलीच. जुलै २०२४. या आवृत्तीत 'लेझीलॉक' (पहिल्या वापराच्या वेळीच तयार होणारी किंमत) आलं, ज्याची मी आतुरतेने वाट बघत होते. त्यामुळे 'लेझी स्टॅटिक' आणि 'वन्स सेल' या दोन क्रेट्सना निरोप देता आला. पण त्याच आवृत्तीत 'बॉक्स'मधल्या मजकुरासाठी एक निरुपद्रवी दिसणारी सोय जोडली गेली. त्याआधी 'कलेक्ट करून बॉक्समध्ये टाक, आत काय ते तूच ओळख' असं सांगितलं की कंपाइलरपुढे एकच पर्याय असायचा. आता दोन झाले, आणि तो अडला. 'टाइम' या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या क्रेटमध्ये नेमकी तशी ओळ होती. क्रेटरने ही मोडतोड आधी दाखवली होती आणि नियमांच्या भाषेत ती क्षम्यही होती, कारण टाइप ओळखण्यातले बदल त्या शब्दात मोडत नाहीत. क्रेटची दुरुस्त आवृत्ती तयारही होती. पण लॉकफाइल (कुठलं क्रेट कुठल्या आवृत्तीचं याची नोंद) हात न लावता जपून ठेवणाऱ्यांचे बिल्ड पडले. पुढे कंपाइलरच्या संदेशातच 'टाइम अद्ययावत करा' अशी खास सूचना घालावी लागली. नियमाने बरोबर आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने चूक, असा हा प्रकार होता. लायब्ररीत भर घालणंसुद्धा मोडणं असू शकतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

एडिशनमुळे (प्रत्येक क्रेटने स्वतः निवडायच्या भाषेच्या नियमसंचामुळे) भाषेचे शब्द बदलता येतात: २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा चार आल्या, आणि वेगवेगळ्या एडिशनची क्रेट्स एकत्र नांदतात. लायब्ररी मात्र सगळ्यांना एकच, त्यामुळे तिला ही पळवाट फारशी उपयोगी पडत नाही. अपवाद म्हणून 'सेट व्हार' बघा. चालू प्रोग्रॅमचं एन्व्हायर्नमेंट बदलणारं हे फंक्शन वर्षानुवर्षं सुरक्षित म्हणून मिरवत होतं. युनिक्समध्ये दुसरा थ्रेड त्याच वेळी 'गेटएन्व्ह' करत असेल तर सगळंच कोसळू शकतं, आणि तो दुसरा थ्रेड एखाद्या सी लायब्ररीतला असेल तर रस्टचं कुलूप काय करणार? शेवटी २०२४ एडिशनमध्ये, फेब्रुवारी २०२५ च्या १.८५ बरोबर, ते 'अनसेफ' (सुरक्षेची जबाबदारी लिहिणाऱ्यावर) झालं. उशिरा, पण योग्य. 'होम डिर'ची कथा अजून मजेशीर: विंडोजवरच्या विचित्र वागणुकीमुळे २०१८ मध्ये त्याच्यावर नापसंतीचा शिक्का बसला, लोक बाहेरच्या क्रेटकडे गेले, मग १.८५ मध्ये वागणूक दुरुस्त झाली आणि पुढे शिक्काही पुसला गेला.

सुरक्षेच्या बाबतीत दोन घटना सांगण्यासारख्या. जानेवारी २०२२ मध्ये 'रिमूव्ह डिर ऑल'मध्ये सिमलिंकची (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याची) शर्यत सापडली: तपासणी आणि खोडणं यांच्या मधल्या क्षणात कुणी फोल्डरच्या जागी सिमलिंक ठेवली तर जास्त अधिकारांनी चालणारा प्रोग्रॅम भलतंच पुसून टाकेल. १.५८.१ मध्ये दुरुस्ती आली. एप्रिल २०२४ मध्ये विंडोजवर 'कमांड'ने बॅच फाइल चालवताना अर्ग्युमेंट्स नीट निसटवली जात नव्हती, ते १.७७.२ ने बंद केलं. हे दुखणं इतर अनेक भाषांनाही होतं. दोन्हींत बॉरो चेकरचा काही संबंध नाही. मेमरी-सुरक्षित म्हणजे सुरक्षित, असं धरून चालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तसंच 'पाथ जॉइन'ला तिरक्या रेघेने सुरू होणारा मार्ग दिलात तर तो आधीचा मार्ग फेकून देतो. दस्तऐवजात आहे, पण वापरकर्त्याने दिलेलं फाइलनाव जोडताना आठवण राहत नाही.

नसलेल्या गोष्टींची यादी लांब आहे: यादृच्छिक संख्या, रेगेक्स, जेसन, एचटीटीपी, तारीख-वेळेचं फॉरमॅटिंग, असिंक चालवणारा रनटाइम. गो-मधून आलेला माणूस इथे हतबुद्ध होतो. रेगेक्स तरी रस्ट प्रकल्पाच्याच छत्राखाली, वेगळं क्रेट म्हणून आहे आणि ते अव्वल आहे. बाकीच्यासाठी कुठलं क्रेट विश्वासाचं हे तोंडी परंपरेनेच कळतं. छोट्याशा साधनाचं अवलंबनांचं झाड उघडून पाहिलं की छातीत धडधडतं, कारण प्रत्येक फांदीमागे एखादा अनोळखी माणूस आपल्या फावल्या वेळात बसलेला असतो. कंजूषपणाचं बिल असं दुसरीकडे फाटतं. तरी पायथॉनने आपल्या लायब्ररीतले मेलेले मॉड्यूल काढायला किती वर्षं घेतली ते आठवलं की मी रस्टच्याच बाजूने उभी राहते.

क्रमवारीबद्दल एक टीप, कारण ती कुणाला तरी वाचवेल. १.८१ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला, क्रमवारीचे नवे अल्गोरिदम आले, स्थिर क्रमवारीसाठी (जी समान घटकांचा आपसातला क्रम राखते) ड्रिफ्टसॉर्ट आणि अस्थिरसाठी आयपीएनसॉर्ट. वेग छान वाढला. पण तुमची तुलना विसंगत असेल तर ते आता पॅनिक होऊ शकतात. दशांश संख्यांची तुलना करताना 'एनएएन' ('संख्या नाही' अशी खास किंमत) आला की 'समान' म्हणून टाकायचं, हा जुना जुगाड तंतोतंत तसाच विसंगत आहे. १.६२ पासून 'टोटल कंपेअर' उपलब्ध आहे. तेच वापरा.

दस्तऐवज: पैकीच्या पैकी गुण. जवळपास प्रत्येक पद्धतीखाली उदाहरण, ते उदाहरण चाचणी म्हणून खरोखर चालवलेलं, शेजारी सोर्सचा दुवा. इंटरनेट नसेल तर 'रस्टअप डॉक' म्हटलं की सगळं जागेवर उघडतं. सोर्सही वाचनीय आहे. व्हेक आतून 'अनसेफ'ने भरलेला आहे आणि प्रत्येक जागी ते का चालतं याची टीप आहे. त्या टिपा वाचून मी पॉइंटरबद्दल जितकं शिकले तितकं सी-च्या अनेक वर्षांत शिकले नव्हते.

राहिली मेमरी, जिथे मला ही लायब्ररी अजून अपुरी वाटते. व्हेकमध्ये ढकलताना मेमरी मिळाली नाही तर प्रोसेस जागीच बंद होते. १.५७ पासून 'ट्राय रिझर्व्ह' आहे, त्याने आधी विचारता येतं, पण ते सगळीकडे लावत बसावं लागतं. संपूर्ण प्रोग्रॅमचा अलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) बदलता येतो. एकाच व्हेकला वेगळा अलोकेटर द्यायची सोय मात्र अजून नाइटलीतच अडकून आहे. झिग भाषेत अलोकेटर प्रत्येक फंक्शनच्या हातात उघडपणे द्यायचा असतो; ते पाहिलं की हेवा वाटतो. माझ्या एजंटमध्ये एका गठ्ठ्याच्या सगळ्या ओळी एका अरीनात (एकत्रच मोकळ्या होणाऱ्या मेमरीत) ठेवून गठ्ठा गेला की एका झटक्यात मोकळं करायचं असतं. तूर्तास 'बम्पालो' क्रेटवर भागवते. त्याचा स्वतःचा व्हेक आहे, पण स्टँडर्ड व्हेक मागणाऱ्या फंक्शनला तो चालत नाही. म्हणून माझ्या सगळ्या फंक्शन्सच्या तोंडाशी आता स्लाइस (मालकी न घेता यादीकडे बघायची सोय) आहेत, आणि जिथे परक्या क्रेटला मालकीचा व्हेकच हवा असतो तिथे नकल करून द्यावी लागते.